चौथं वळण

नवीन पोरांना ओव्हरटेक करता येत नाही, असं मी म्हटलं की लोक हसतात. म्हणतात, नंदूभाऊ, ती तर रोज तुम्हाला मागं टाकतात. टाकतात ना. रेशनच्या रांगेत कोपर मारून पुढं घुसणारा माणूसही दहा जणांना मागं टाकतो. त्याच्या गळ्यात कुणी हार घालत नाही.

मी नंदकुमार, बऱ्हाणपूरचा, वय एक्केचाळीस. एकोणीस वर्षं मी पगार घेऊन मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवतोय, तेव्हा ओव्हरटेक म्हणजे काय ते माझ्याकडून ऐका. पुढच्याला आधी दोन चकरा आपलं चाक दाखवायचं. त्याला कळलं पाहिजे की मागं कुणीतरी आहे. मग तो विचार करायला लागतो, आणि विचार करणारा माणूस तिसऱ्या चकरीला कुठंतरी अर्धा सेकंद चुकतो. तो चुकला की वळणातून बाहेर पडताना आपण त्याच्याआधी थ्रॉटल उघडायचा आणि बाजूनं निघून जायचं. धक्का नाही, कुणी पडलं नाही. संध्याकाळी दोघं एका टपरीवर चहा पितात.

आताची पोरं काय करतात? ब्रेक न मारता सरळ आतल्या बाजूनं घुसतात आणि आपलं पुढचं चाक तुमच्या पायाच्या जागी आणून ठेवतात. मग तुम्ही एकतर बाहेर फेकले जा, नाहीतर खाली पडा. विचारलं की म्हणतात, काका, जागा होती म्हणून आलो. जागा कसली, तिथं माझा गुडघा होता. आणि रात्री तेच सगळं, हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून घेतलेलं, गाणं लावून मोबाइलवर टाकतात. खाली शंभर जण अंगठे दाखवतात. यातल्या नव्वदांनी स्कूटीशिवाय काही चालवलेलं नसतं.

या जमातीतला सगळ्यात वरचा नमुना माझ्याच टीममध्ये होता. गोटू. फोपनारचा, वय एकोणीस. आधार कार्डावर त्याचं काहीतरी भारदस्त नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. बापाच्या केळीच्या बागेत, दोन ओळींच्या मधून जुनी गाडी पळवत हा शिकला. तिथं समोर कुणी आलं तर तो मजूर असतो आणि तोच बाजूला होतो. त्यामुळं जगातला प्रत्येक माणूस आपल्यासाठी बाजूला होणार अशी याची समजूत.

नाशिकच्या रेसमध्ये मी बाजूला झालो नाही. गोटूचं हँडल माझ्या बरगडीत बसलं, मी पडलो आणि तो तिसरा आला. मी तक्रार केली. अधिकाऱ्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला आणि रेसमध्ये असं होतंच म्हणून कागद बाजूला ठेवला. आमच्या टीमचे मालक यादवसाहेब, इंदूरचे, यांनी तोच व्हिडिओ पाच वेळा पाहिला आणि पाचही वेळा हसले. पब्लिकला मजा आली म्हणे. माझ्या बरगडीला पट्टा बांधला होता आणि हा माणूस मला पब्लिकची मजा सांगत होता.

आठवड्यानं त्यांचाच फोन आला. पुढच्या वर्षी टीम एकच गाडी उतरवणार होती, म्हणजे एकच रेसर. वर्षाची शेवटची रेस बऱ्हाणपूरला होती, तिथं आम्हा दोघांत जो पुढं येईल त्याची गाडी. तुमचं तर घरचं मैदान, तुम्हाला काय अवघड, असं वर म्हणाले. अवघड काय ते मला माहीत होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी टीममधून निघालेल्या माणसाला दुसरी टीम घेत नाही. माझ्यासाठी मेव्हण्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला काउंटर तयार होता. तिथं बसून लोकांना ब्रेकची केबल विकायची आणि आपण कधीकाळी काय होतो ते सांगायचं. असले दोघे-तिघे मी पाहिलेत. त्यांच्या गोष्टी संपेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं.

ट्रॅक केला होता भाईदासच्या शेतात, फोपनारच्या रस्त्याला. त्याची केळी कापून झाली होती, रान मोकळं होतं. आयोजकांनी रोटाव्हेटर फिरवला, ग्रेडर लावला, सात वळणांचा ट्रॅक काढला. भाईदासला प्रमुख पाहुणा केलं. तेव्हापासून हा गृहस्थ शेताकडं फिरकला नाही, फेटा कुठल्या रंगाचा बांधायचा यातच गुंतला.

आता आमच्यातला एक रिवाज सांगतो. रेसच्या दिवशी सकाळी सगळे रेसर ट्रॅक पायी फिरतात. ज्याच्या गावात रेस असेल तो पुढं चालतो आणि प्रत्येक वळणावर थांबून माती कशी आहे ते सांगतो. इथं खाली मुरूम आहे, इथं जुना बांध होता, इथं ऊन चढलं की भुसभुशीत होतं. प्रतिस्पर्ध्यालाही सांगतो. विसाव्या वर्षी मी कोल्हापूरला पहिली रेस केली, तेव्हा तिथल्या रेसरनं मला हाताला धरून एका वळणावर नेलं होतं आणि मातीखालचा दगड दाखवला होता. दुपारी मीच त्याला हरवलं. तो हसला आणि म्हणाला, दगड दाखवला नसता तर बरं झालं असतं. आम्ही हे असे होतो. नव्या पोरांना हा रिवाज ऐकूनही माहीत नाही. ती ड्रोनचा व्हिडिओ बघतात.

शनिवारी सराव तीनलाच संपला. सगळे गेले, मी मागं राहिलो, एकटाच ट्रॅकवर फिरत होतो. चार वाजता शेतीची लाइट आली. त्या आठवड्यात आमच्या भागाला लाइटची चारची पाळी होती. लाइट आली आणि बांधावरच्या खोलीत भाईदासची मोटर आपोआप सुरू झाली. आमच्याकडं सगळ्यांच्या मोटरी अशाच ऑटोवर असतात, लाइट येईल तेव्हा चालू. बंद करायची आठवण कुणाला नसते, कारण बंद करायची कधी वेळच येत नाही. रान रिकामं असलं तरी भाईदासचा हात त्या बटणाकडं गेला नव्हता.

ठिबकच्या नळ्या त्यानं गुंडाळून ठेवल्या होत्या, पण जमिनीखालचा मोठा पाइप तसाच होता. त्याचं शेवटचं टोक त्याच दिवशी सकाळी ग्रेडरच्या पात्यानं फुटलं असावं. चौथ्या वळणाच्या आतल्या बाजूला माती आधी काळी झाली, मग चमकायला लागली. मी बूट ठेवला. आमची काळी माती ओली झाली की साबण परवडला. बूट सरकत गेला आणि मी बांधाला हात टेकून उभा राहिलो.

ही जागा अशी होती की सरळ चालवणाऱ्याला तिचा काही उपद्रव नव्हता. चौथं वळण सगळे बाहेरून घेतात, बाहेरची माती चाकांनी दाबून टणक होते. आतून फक्त तोच जातो ज्याला घुसायचं असतं.

भाईदासला सांगायचं मी ठरवलं होतं. फोन लावलाही. तो फेटेवाल्याकडं होता, कुणीतरी दुसऱ्यानंच उचलला. मी म्हटलं, राहू दे, उद्या सांगतो.

रविवारी सकाळी टँकरनं सगळ्या ट्रॅकवर पाणी मारलं होतं, त्यामुळं कालचा ओला पट्टा वेगळा ओळखू येत नव्हता. पायी फिरायला मी पुढं झालो. सोळा रेसरांपैकी पाच आले. जुने तिघं, एक मी, आणि आश्चर्य म्हणजे गोटू. चपला हातात घेऊन अनवाणी चालत होता. पायाला माती कळते म्हणे. मी मनात म्हटलं, नाटकं.

पहिल्या वळणावर थांबलो, मुरूम दाखवला. दुसऱ्यावर थांबलो, तिसऱ्यावर तर पाच मिनिटं बोललो, तिथं पूर्वी शेणखताचा उकिरडा होता आणि जमीन दबते. गोटू मान डोलावत होता. मग चौथं आलं. पाय थांबले नाहीत, असं म्हणणं सोयीचं आहे. मी ते थांबवले नाहीत. उद्या मी मैदानात नसेन आणि हा धक्के मारत पुढं जात राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घुसणार नाही त्याला काही होणार नाही, घुसणाऱ्यानं आपलं आपण बघावं. पाचव्या वळणावर मी पुन्हा थांबलो आणि नेहमीपेक्षा जास्तच बोललो.

आमची रेस पावणेचारची होती. पण भाईदास माईकसमोर उभा राहिला आणि केळीच्या लागवडीपासून सुरुवात केली. गुलाबी फेटा, त्यावर चष्मा. रेस सुटायला चार वाजून पाच मिनिटं झाली. बांधावरच्या खोलीत मोटर घरघरत होती, आणि तिच्या मालकाला सोळा गाड्यांच्या आवाजात ती ऐकू येत नव्हती.

बारा चकरांची रेस. मी सुरुवातीलाच पुढं निघालो, गोटू दुसरा. बाकीचे मागं पडत गेले. दुसऱ्या वळणावर त्यानं आपली जात दाखवलीच, पाचव्या चकरीला आतून घुसला. मी गाडी आत दाबून दार लावलं. त्याचं चाक माझ्या सायलेन्सरला घासलं, तो मागं गेला. मी हेल्मेटच्या आत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

आठव्या चकरीला चौथ्या वळणावर आतला पट्टा काळा दिसायला लागला. तिथले दोन मार्शल कॉलेजची पोरं होती, निसरड्याचा झेंडा काखेत धरून मोबाइलवर रेसचं शूटिंग करत होती. समोर चाललेली रेस डोळ्यांनी बघायची त्यांना सवड नव्हती. नवव्या चकरीपासून मी तिथं मुद्दाम हातभर बाहेरून जायला लागलो, आतली जागा मोकळी सोडून. ये बाबा. जागा आहे.

तो आला नाही. दहाव्याला आला नाही, अकराव्याला आला नाही. माझ्याच मागोमाग बाहेरून येत राहिला. मला त्याची कीव आली. दुसऱ्या वळणावरच्या एका घासण्यानं पोराची हवा गेली, असं मला वाटलं. हीच यांची मर्दुमकी, दार उघडं दिसलं की यांना आत यायचं सुचत नाही.

शेवटच्या चकरीला मी चौथ्या वळणावर चांगला दोन हात बाहेर गेलो, पाहुण्यासाठी दार सताड उघडं ठेवतात तसं. आता तो घुसणारच होता, यापुढं त्याला संधी नव्हती. मला त्याला पडताना बघायचं होतं. एकोणीस वर्षांत मी रेसमध्ये कधी मान वळवली नाही, नवशिक्यांना मी हीच पहिली गोष्ट शिकवतो. त्या वळणावर मी मान वळवली आणि आत पाहिलं.

आत कुणी नव्हतं. नुसता चिखल चमकत होता.

बघण्याच्या नादात माझा थ्रॉटल बंद झाला होता, किती, अर्धा सेकंद असेल. गोटू माझ्या चाकाच्या रेघेवरून येत होता. वळणातून बाहेर पडताना त्यानं माझ्याआधी थ्रॉटल उघडला आणि बाजूनं निघून गेला. त्याचं हँडल माझ्यापासून वीतभर लांब होतं. धक्का नाही, कुणी पडलं नाही. उरलेल्या तीन वळणांत मी त्याला गाठू शकलो नाही. रेस त्यानं जिंकली, मी दुसरा.

तंबूत दगा, आमचा जुना मेकॅनिक, माझ्याकडं न बघता माझी गाडी पुसायला लागला. बाहेर यादवसाहेब गोटूच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेत होते. समोर मावा जलेबीचा पुडा उघडला होता. मला म्हणाले, बढिया रेस, नंदूभाऊ, आणि लगेच दुसरीकडं बघितलं. पुढच्या वर्षाचं बोलणं तेवढ्यात उरकलं.

फोटो झाले आणि गोटू तंबूत आला. मी खुर्चीवर बूट काढत होतो. तो खाली वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. मला वाटलं, हेही कुणी शूट करत असेल. दगाशिवाय तिथं कुणी नव्हतं.

"काका, आज तुमच्याकडून शिकलो," तो म्हणाला. "सकाळी तुमी सगळ्या वळणावर थांबले, चौथ्यावर नाही थांबले. तभीच मले समजलं, इथं काकांची स्वतःची काहीतरी लाइन आहे, ते कशाले सांगतील. आणि नाही सांगितलं तरी चालतं, इतकी वर्षं झाली तुमाले. मंग मी ठरवलं, तिथं तुमचं चाकच सोडायचं नाही. जिथून तुमी, तिथूनच मी."

मी बुटाची नाडी उगाच सोडत बसलो, ती आधीच सुटली होती.

"फक्त एक नाही समजलं," तो म्हणाला. "आखरी चक्करले तुमी आत का बघितलं? काय होतं तिथं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. सवयीनं मागं पाहिलं म्हटलं असतं तर त्यानं मान डोलावली असती, सकाळी डोलावत होता तशी. पण हा पोरगा माझ्या नीचपणाला माझी विद्या समजून तिच्या पाया पडला होता, आणि ते मला झेपलं नाही. टीमची गाडी गेली, बरगडी गेली, ते चाललं असतं. हे आभार घेऊन घरी जाणं मला जमणार नव्हतं.

"चिखल होता," मी म्हणालो. "तू घुसशील आणि पडशील म्हणून बघत होतो."

दगाचा हात गाडीवर थांबला. गोटू माझ्याकडं बघत राहिला, गंमत चालली आहे की काय ते त्याला ठरवता येत नव्हतं. मग तो बाहेर पडला. रेसचे बूट त्यानं दाराशीच काढले आणि अनवाणी चौथ्या वळणाकडं चालत गेला. तो वाकून हातानं माती उकरताना मला लांबून दिसला. परत आला तेव्हा घोट्यापर्यंत काळा होता.

"पाइप फुटला आहे," तो म्हणाला. "कधीपासून माहीत होतं तुमाले?"

"काल चारपासून."

तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मला उत्तर देता आलं असतं, नाशिकची बरगडी काढता आली असती. त्याच्या तोंडावर राग नव्हताच. भाजी घेताना आतून सडकं निघालेलं वांगं माणूस ज्या नजरेनं बाजूला टाकतो, त्या नजरेनं तो माझ्याकडं बघत होता. मी ती नजर ओळखली. वर्षभर ती माझ्याकडून त्याच्याकडं जात होती.

"आम्ही घुसतो, काका," तो म्हणाला. "पन घुसतो तं दिसून घुसतो."

तेवढ्यात लाउडस्पीकरवर पुकारा झाला. लोकल गटाच्या रेसरांनी गेटजवळ यावं. बऱ्हाणपूर, चांदनी, डोईफोडिया, आजूबाजूची पोरं, बावीस जण. काही घरच्या गाड्यांवर, काही मित्राकडून मागून आणलेली हेल्मेट घालून. त्यातल्या निम्म्यांना बाहेरची लाइन म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. ती सगळ्या बाजूंनी घुसणार होती, पहिल्याच चकरीला, सगळीच्या सगळी.

कार्यक्रमपत्रिकेवर ती रेस आमच्यानंतर छापलेली होती. पत्रिका दोन दिवस माझ्या खिशात होती. ही पोरं माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती.

गोटू मोटरच्या खोलीकडं पळत गेला. घरघर बंद झाली, आणि मग स्टेजवरचा भाईदास फेटा सावरत चहूकडं बघायला लागला, कसला आवाज थांबला म्हणून. गोटूनं अधिकाऱ्यांशी काहीतरी बोलून रेस थांबवली. दोन्ही मार्शलना वळणावर दोरी बांधायला लावली. मग गेटशी जाऊन त्यानं बावीसच्या बावीस पोरांना गाड्यांवरून खाली उतरवलं आणि पायी ट्रॅकवर घेऊन निघाला.

मी तंबूच्या दारात उभा होतो. दगा गाडी तशीच सोडून माझ्या बाजूनं बाहेर पडला आणि त्यांच्या मागं चालायला लागला. मला चल म्हणाला नाही.

पहिल्या वळणावर गोटू थांबला आणि मुरूम दाखवला. दुसऱ्यावर थांबला. तिसऱ्यावर उकिरड्याचं सांगत असावा, हातानं जमीन दाबून दाखवत होता, मी सकाळी दाखवली होती तशीच. चौथ्या वळणावर तो बराच वेळ थांबला.